गप्प झालेले मूल आणि गप्प झालेला चाहता

डॉक्टरांच्या स्मरणिकेत फुटबॉलविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपले बऱ्हाणपूर हे मुळात क्रिकेटचे गाव. परंतु गेल्या काही वर्षांत राजपुऱ्याच्या गल्ल्यांमधून खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर दहा किंवा सात क्रमांकाचे फुटबॉलचे शर्ट दिसू लागले आहेत. ही मुले ज्यांना आपले मानतात ते खेळाडू सातासमुद्रापलीकडे राहतात, आणि त्यांच्यापैकी कोणी आपला क्लब सोडून चालला अशी कुणकुण लागली की मुलांचे जेवणावरचे लक्ष उडते. मोठ्यांना याचे हसू येते. मोठी माणसेही मात्र या वेडातून सुटलेली नाहीत. ज्या गावांत फुटबॉल रक्तात आहे तिथे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, म्हणजे स्ट्रायकर, जाणार या नुसत्या शक्यतेने प्रौढांची झोप उडते, घोषणा होतात, फलक लागतात, क्वचित शर्टही जाळले जातात.

या वेडाकडे पाहण्याची एक बालरोगतज्ज्ञाची दृष्टी असू शकते आणि तीच येथे मांडावी असा विचार आहे. माझे मत आरंभीच सांगतो. लाडका खेळाडू जात असता चाहत्याला येणारा राग हे निरोगी मनाचे लक्षण आहे. चिंता करावी ती राग ओसरून येणाऱ्या शांततेची. त्या शांततेलाच क्लबचे चालक, पालक आणि कधीकधी संपूर्ण गाव ‘सारे सुरळीत झाले’ असे समजते.

आपल्याला जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि पुढे आय-लीग सुरू झाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ अशी तीनदा तीही जिंकली. या वैभवाच्या केंद्रस्थानी रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा स्ट्रायकर होता. २००४ पासून तो धेंपोकडे होता, आणि २०११-१२ च्या एकाच हंगामात त्याने ३२ गोल केले. तो हंगाम संपताच, २०१२ मध्ये, तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. त्याच्या आदल्याच वर्षी चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली हाही गोवा सोडून मोहन बागानकडे गेला होता. गोव्याच्या दोन मातब्बर क्लबांचे दोन हुकमी गोलकर्ते लागोपाठच्या दोन वर्षांत कोलकात्याला गेले.

पुढे इंडियन सुपर लीगचा जमाना आला. २०१७ मध्ये फेरान कोरोमिनास हा स्पेनचा खेळाडू एफसी गोवा संघात दाखल झाला. सारा गोवा त्याला ‘कोरो’ म्हणू लागला. सलग दोन हंगामांत त्याने सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवला, आणि तीन हंगामांत मिळून ५७ सामन्यांत ४८ गोल केले. २०२० मध्ये तोही गेला. त्याच वर्षी मार्गदर्शक सर्जिओ लोबेरा, मधल्या फळीतील ह्यूगो बूमू आणि अहमद जाहू, बचावपटू मुर्तादा फाल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे सारे मुंबई सिटी संघात गेले. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महासाथीमुळे गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवला गेला. उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टीवर हरवले, आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर करंडक उचलला. कालपर्यंत आपली असलेली माणसे आपल्याच अंगणात दुसऱ्याच्या वेषात विजयी होत होती, आणि गोवेकराला फाटकाच्या आत यायलाही परवानगी नव्हती. या प्रसंगातले दुःख ओळखायला फुटबॉल कळावाच लागतो असे नाही.

आता या दुःखाला मूर्खपणा म्हणावे काय? ज्याच्याशी आपण कधी एक शब्द बोललो नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी अश्रू ढाळावेत हे विचित्र वाटते खरे. परंतु १९५६ मध्येच हॉर्टन आणि वोल या अमेरिकी अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी नाते जुळते त्याचे विवेचन केले होते. नाते एकतर्फी असले म्हणून त्यातली भावना खोटी ठरत नाही. बाळ आपल्या मळक्या गोधडीवर प्रेम करते आणि गोधडी काही त्याच्यावर प्रेम करीत नाही. तरीही ती गोधडी न सांगता धुवायला टाकली तर काय होते, हे कोणत्याही आईला विचारावे.

येथे मला आपल्या शास्त्राच्या इतिहासातील एका प्रकरणाची आठवण द्यावीशी वाटते. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये ‘दोन वर्षांची मुलगी रुग्णालयात जाते’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लघुपट केला. लॉरा नावाची ती मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती. त्या काळी पालकांना मुलांजवळ थांबू देत नसत. कारण आई भेटून गेली की मूल रडते, आणि आई आलीच नाही तर काही दिवसांत ते ‘रुळते’, असा डॉक्टरांचा व परिचारिकांचा अनुभव होता. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले की हे रुळणे नव्हेच. मूल आधी निषेध करते, रडते, आईला हाका मारते. मग ते हताश होते. आणि तिसऱ्या टप्प्यात ते अलिप्त होते, शांत होते, खेळण्यांत रमल्यासारखे दिसते. आई आली तरी तिच्याकडे वळत नाही. वॉर्डातले सर्वांत ‘शहाणे’ मूल हे कित्येकदा सर्वांत दुखावलेले मूल असते. हा लघुपट प्रथम दाखवला तेव्हा वैद्यकीय मंडळी चिडली होती. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली. आज आपल्यापैकी कोणीही आईला वॉर्डाबाहेर काढत नाही.

प्रौढ चाहता म्हणजे दोन वर्षांचे मूल नव्हे, याची मला जाणीव आहे. खेळाडू ही आई नव्हे आणि क्लब हे रुग्णालय नव्हे. तरीही या तीन टप्प्यांचे साम्य डोळ्यांआड करता येत नाही. स्ट्रायकर जाणार अशी बातमी आली की आधी निषेध होतो. मग हताशपणा येतो. आणि मग एके दिवशी चाहता मैदानावर येणेच सोडून देतो. त्याचा शर्ट कपाटाच्या तळाशी जातो आणि सामन्याचा दिवस त्याच्या ध्यानातही राहत नाही. क्लबच्या कचेरीत मात्र समाधान असते, की आता पत्रे येत नाहीत, घोषणा थांबल्या, लोक रुळले. जो चाहता अजून भांडतो आहे तो अजून तुमचा आहे, एवढे साधे निदान तिथे कोणी करीत नाही.

मग हा राग कोणावर असावा? येथे मात्र चाहत्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. खेळाडूवर तो फार वेळ नसावा. खेळाडूची उमेदीची वर्षे फार थोडी असतात. गुडघ्याचा एक अस्थिबंध तुटला की तीही संपू शकतात, हे डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. शिवाय खेळाडू ही कोणाची मालमत्ता नाही. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या खेळाडूचा करार संपला होता, तरी त्याचा क्लब मोबदल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाऊ देईना. तो न्यायालयात गेला, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की युरोपीय संघातील खेळाडू करार संपल्यावर संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे मोबदल्याच्या अटीविना जाऊ शकतो. त्या निकालाने फुटबॉलचे अर्थकारण बदलले. श्रीमंत क्लब अधिक श्रीमंत झाले, ही त्याची दुसरी बाजू आहे. परंतु नोकरीची मुदत संपल्यावरही माणसाला दावणीला बांधून ठेवावे, असे आपण स्वतःच्या बाबतीत कधी मान्य केले असते काय?

तेव्हा जाणाऱ्याला विश्वासघातकी म्हणण्यात अर्थ नाही. जाब विचारायचा तो ठेवणाऱ्यांना, म्हणजे क्लबला. माझ्या मते क्लब आपल्या चाहत्यांचे तीन गोष्टींचे देणे लागतो. त्या म्हणजे सत्य, निरोप आणि पुढची पिढी.

सत्याविषयी बोलायचे तर लिओनेल मेस्सीचे उदाहरण बालरोगतज्ज्ञाला विशेष जवळचे आहे. अर्जेंटिनातील रोझारिओ शहरात दहा-अकरा वर्षांच्या या मुलाला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याचे निदान झाले. यावरचा उपचार म्हणजे वर्षानुवर्षे दररोज इंजेक्शन, आणि त्याचा खर्च आजही सामान्य पालकांना पेलत नाही. बार्सिलोना क्लबने हा खर्च उचलण्याचे मान्य केले. १४ डिसेंबर २००० रोजी त्याला घेण्याचे वचन कागदी नॅपकिनवर लिहून दिले गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या क्लबसाठी तो पुढे ७७८ सामने खेळला आणि त्याने ६७२ गोल केले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने क्लब सोडण्याची इच्छा लेखी कळवली तेव्हा चाहते मैदानाबाहेर जमून तत्कालीन अध्यक्षांचा राजीनामा मागू लागले. मेस्सी त्या वर्षी थांबला. परंतु ५ ऑगस्ट २०२१ रोजी क्लबनेच जाहीर केले की उभयपक्षी सहमती असूनही लीगच्या आर्थिक नियमांमुळे नवा करार होऊ शकत नाही. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच नव्या अध्यक्षांनी सांगितले की क्लबवर १३५ कोटी युरोंचे कर्ज आहे. म्हणजे रोग जुना होता आणि नातेवाइकांना तो शेवटच्या दिवशी कळला. आपल्या व्यवसायात असे घडले तर नातेवाईक डॉक्टरला क्षमा करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

दुसरे देणे निरोपाचे. सचिन तेंडुलकरने १० ऑक्टोबर २०१३ रोजी निवृत्ती जाहीर केली, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर वानखेडेवर तो शेवटचा सामना खेळला. लोकांना रडून घ्यायला महिनाभराचा अवधी मिळाला. त्या दिवशी देशभर माणसे रडली, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. क्रिकेट सोडून कोणी गेले नाही. याउलट कोरोच्या वेळी महासाथ आडवी आली. ७ मार्च २०२० रोजी फातोर्ड्यावर गोव्याने चेन्नईयिनविरुद्ध सामना ४-२ असा जिंकला, पण दोन सामन्यांची बेरीज ५-६ झाली आणि संघ बाहेर पडला. नंतर टाळेबंदी आली आणि कोरो गेला. भरल्या मैदानावर त्याला हात हलवून निरोप देण्याची संधी गोव्याला मिळाली नाही. यात दोष कोणाचाच नव्हता. परंतु अंत्यदर्शन न झालेल्या घरातले दुःख अधिक काळ रेंगाळते, हे त्या महासाथीने आपल्या पिढीला चांगलेच शिकवले आहे.

तिसरे देणे पुढच्या पिढीचे, आणि हे सर्वांत मोठे. आपल्या बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. इ.स. १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणण्याची ही योजना झाली. वर पाहिले तर नुसती कुंड्यांची तोंडे दिसतात. खरे काम जमिनीखाली चाललेले असते. टँकरचेही पाणी पाणीच असते, पण टँकर आज आपल्या दारी येतो आणि उद्या जास्त पैसे देणाऱ्याच्या दारी जातो. ज्या क्लबचा सारा भार बाहेरून आणलेल्या ताऱ्यावर असतो, तो क्लब टँकरवर जगणारा आहे. कोरो गेल्यावर गोव्याने इगोर अँगुलो हा दुसरा स्पॅनिश स्ट्रायकर आणला. त्याने २०२०-२१ मध्ये १४ गोल केले, आणि पुढच्याच वर्षी तोही मुंबईला गेला. मुंबईलाही हे चुकले नाही. बूमू एका हंगामानंतर कोलकात्याला गेला आणि लोबेराही संघ सोडून गेले. धेंपोची कथा अधिक करुण आहे. २०१४-१५ मध्ये हा पाच वेळचा विजेता संघ आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्या वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून तो पुन्हा पात्र झाला, आणि २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह त्याने आय-लीगमधूनच माघार घेतली. हे एका रँटीच्या जाण्याने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील फुटबॉलची सारी घडीच त्या काळात बदलत होती. तरीही धेंपोने आपली मुळे उपटून टाकली नाहीत, आणि २०२४ मध्ये हा क्लब पुन्हा आय-लीगमध्ये पात्र ठरला, याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे.

पुढची पिढी घडवताना मात्र एका गोष्टीचे भान हवे. मेस्सी गेल्यावर त्याचा दहा क्रमांकाचा शर्ट अठरा वर्षांच्या आन्सू फाटीला देण्यात आला. त्याच्या गुडघ्यावर तोवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढची वर्षे दुखापतींत गेली, आणि अखेर त्याला दुसऱ्या क्लबांकडे उसना पाठवावे लागले. २०२५ मध्ये तोच शर्ट लामिन यामालकडे आला. तो याच क्लबच्या प्रबोधिनीत वाढला आणि पंधराव्या वर्षीच वरिष्ठ संघातून खेळला. क्लबच्या जमिनीखाली पाणी वाहत होते याचा तो पुरावा आहे, यात शंका नाही. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून मला त्याच्या गोलांइतकीच त्याच्या हाडांची आणि झोपेची काळजी वाटते. गेलेल्या माणसाची पोकळी भरण्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर देऊ नये. वडील गेल्यावर ‘आता तूच घरातला कर्ता’ असे दहा वर्षांच्या मुलाला सांगणारे नातेवाईक आपण पाहतोच. त्यातलाच हा प्रकार.

पालकांसाठीही काही सांगणे आहे. तुमच्या मुलाचा लाडका खेळाडू क्लब सोडत असेल, तर त्याची थट्टा करू नका. ‘त्यात रडायचे काय, त्याला कोट्यवधी मिळतात’ हे वाक्य खरे असले तरी त्या क्षणी निरुपयोगी आहे. लगेच नव्या खेळाडूचा शर्ट आणून दुःख बुजवू नका. मूल बोलत असेल तर बोलू द्या. त्याच्याबरोबर बसून त्या खेळाडूचे जुने गोल पाहा. त्या खेळाडूने आपल्याला काय दिले, ते त्याला आठवू द्या. जाणाऱ्याला शिव्या न देता निरोप कसा द्यावा, हा धडा घरीच शिकायचा असतो. आयुष्यातल्या पहिल्या वियोगांपैकी हा एक असतो, आणि सुदैवाने तो स्वस्तातला असतो. पुढे आजी जाते, मित्राच्या वडिलांची बदली होते, ताई लग्न होऊन परगावी जाते. त्या वेळी हा सराव कामी येतो. आणि जे मूल अशा वेळी एकदम गप्प होते, त्याच्याकडे दोनदा पाहा.

अखेर हा विषय आपल्याच दारापाशी येऊन ठेपतो. बऱ्हाणपूरसारख्या गावाला वियोग नवे नाहीत. आपली मुले बारावी झाली की इंदूरला, पुण्याला जातात, तिथून आणखी दूर जातात, आणि बहुतेक परत येत नाहीत. एखादा तरुण शल्यचिकित्सक, एखादी भूलतज्ज्ञ काही वर्षे येथे काम करते, गावाचा जीव तिच्यावर जडतो, आणि मग एके दिवशी मोठ्या शहरातून बोलावणे येते. आपण काय करतो? पाठीमागे ‘पैशासाठी गेली’ असे म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. समारंभ नाही, हार-नारळ नाही, आणि ती का गेली हा प्रश्नही नाही. गावात भूल देण्याची पुरेशी साधने होती का, रात्रीच्या वेळी तिच्यासोबत कोणी दुसरे होते का, तिच्या मुलांना हवी तशी शाळा होती का, हे कोणी विचारत नाही. आपण फार लवकर रुळतो. वॉर्डातल्या त्या शहाण्या मुलासारखे.

आपल्या संघटनेने तरी असे रुळू नये, असे मला वाटते. जो सहकारी गाव सोडून जातो आहे त्याला सन्मानाने निरोप द्यावा. तो का चालला हे त्याच्याकडून मोकळेपणाने ऐकावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. आणि येथल्याच शाळांमधून जी मुले उद्या डॉक्टर होणार आहेत, त्यांच्यासाठी आजपासून जमिनीखालच्या कुंड्या खणायला घ्याव्यात. शिष्यवृत्ती, ग्रंथालय, सुटीत दवाखान्यात येऊन बसण्याची मुभा, अशा लहान लहान गोष्टींतूनच पाणी पुढे सरकते. त्यांतली काही परत येतील, काही येणार नाहीत. जी येणार नाहीत त्यांच्यावर राग आला तर तो येऊ द्यावा, कारण राग आहे तोवर गाव जिवंत आहे.

(लेखक राजपुरा, बऱ्हाणपूर येथे बालरोगतज्ज्ञ असून एम.डी. आहेत.)